आयुष्मान कार्डावर चष्म्याचा नंबर कुठे काढून मिळेल?

मोहोळ तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सासूबाई 72 वर्षांच्या. वर्षभरापासून धूसर दिसतं, जुना चष्मा चालेनासा झालाय. घरात केशरी रेशन कार्ड आहे, सासूबाईंचं आयुष्मान कार्डही काढून घेतलंय. तालुक्याच्या गावी तीन चष्म्याच्या दुकानांत कार्ड दाखवलं, तिघांनीही "हे इथे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. ताईंचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो सांगतो की तिकडे साठीपुढच्या माणसाची डोळेतपासणी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात सरकारी खर्चाने होते. मग आपल्याकडे कार्ड घेणारा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा माणूस, जवळपास कसा शोधायचा?

ताई, तुमचा भाऊ सांगतो ते खरं आहे, आणि दुकानदारांनी सांगितलं तेही खरं आहे. कार्ड घेणारं चष्म्याचं दुकान तुम्हाला मोहोळलाच काय, पुण्या-मुंबईतही सापडणार नाही. आयुष्मान भारत आणि आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. मोतीबिंदूसारखी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या हिशेबात 'दाखल होणं'च असते. पण नुसती तपासणी, नंबर काढणं, चष्मा बनवणं त्यात येत नाही. इंग्लंडात सरकार दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्टला प्रत्येक तपासणीचे पैसे देतं, आपल्याकडे तशी पद्धत नाही.

म्हणून कार्ड हातात धरून दुकानं फिरणं आजपासून थांबवा. ज्याच्या पगाराची सोय सरकारने आधीच केली आहे असा माणूस तुमच्या तालुक्याच्या व्यवस्थेत असतो आणि त्याच्याकडे जायला कुठलंच कार्ड लागत नाही. त्याचं पद आहे 'नेत्र चिकित्सा अधिकारी'. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे तो बसतो. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचा दाब बघणं, मोतीबिंदू ओळखून पुढे पाठवणं हे त्याचं रोजचं काम. मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नऊ वर्षं एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या शिबिरांत सोलापूर, धाराशिव, लातूरची गावं हिंडले, आता तालुक्याच्या गावी माझी स्वतःची तपासणी खोली आहे. माझ्याकडे पैसे मोजून येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांना हे पद ऐकूनही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. बसस्थानकापासून चार पावलांवर सरकारी दवाखान्यात जे काम फुकट होतं त्यासाठी ती माणसं माझ्याकडे मजुरीच्या दिवसाचे पैसे घेऊन येतात.

फुकट म्हणजे खरोखर फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत. ही सवलत ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांना आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे थोडं शुल्क पडू शकतं. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे महाविद्यालयाचं आहे. तिथे गेलात आणि वीस-पंचवीस रुपये मागितले तर भांडू नका.

अडचण एवढीच की नेत्र चिकित्सा अधिकारी रोज खोलीत सापडेलच असं नाही. शाळांची तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रांना भेटी, शिबिरं यांसाठी त्याला ठरावीक दिवशी बाहेर पाठवतात. काही ठिकाणी एकाच माणसाकडे दोन रुग्णालयांचा भार असतो. तेव्हा एसटीचं तिकीट काढण्याआधी गावातल्या आशाताईंना विचारा: "नेत्र विभागाचा वार कोणता?" त्यांना ठाऊक नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सांगतील. हा एक प्रश्न विचारला तर सासूबाईंची एक फेरी वाचेल.

आता तिथे गेल्यावर काय करून घ्यायचं ते. हे मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच चुकते.

नंबर काढणं वेगळं आणि डोळे तपासणं वेगळं. बहात्तर वर्षांच्या बाईला धूसर दिसत असेल तर नवा नंबर हे कदाचित उत्तरच नसेल. माझ्याकडे एकदा एक आजी आल्या, फार खूश होत्या. म्हणाल्या, "बाई, डोळे सुधारले माझे, आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते!" घरच्यांनीही गावभर सांगितलं होतं. तपासलं तर मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग मधोमध कडक होत जातं, त्याची ताकद बदलते आणि काही महिने जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. तेव्हाच लांबचं मात्र खालावत असतं. अशा माणसाला दुकानात नवा नंबर काढून दिला तर तो सहा महिन्यांत पुन्हा बदलतो, पुन्हा नवी काच, पुन्हा पैसे. शेवटी करायची असते शस्त्रक्रियाच.

म्हणून खोलीत शिरताच "चष्मा पाहिजे" असं म्हणू नका. "धूसर दिसतंय, कशामुळे ते बघा" असं म्हणा. तक्ता वाचून घेतील, मशीनवर किंवा उजेडाची पट्टी डोळ्यावर फिरवून नंबर काढतील. त्यापुढच्या तीन गोष्टी मात्र तुम्ही आवर्जून मागा. पहिली, डोळ्याचा दाब. काचबिंदूत बहुधा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं दिसतही राहतं. बाजूची नजर हळूहळू मरते आणि गेलेली परत येत नाही. दाब साधारण 10 ते 21 या मर्यादेत असतो; आकडा केस पेपरवर लिहून घ्या. दुसरी, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याची तपासणी. थेंब टाकल्यावर तीन-चार तास अंधुक दिसतं, उजेड सोसत नाही, म्हणून सोबत माणूस हवं आणि येताना छत्री किंवा पदर डोक्यावर हवा. तालुक्याला नेत्रतज्ज्ञ नसेल तर ही तपासणी जिल्ह्याला होईल, पण होऊ द्या. तिसरी, रक्तातली साखर. सासूबाईंना मधुमेह असेल, तोही पाच-दहा वर्षांचा, तर पडदा दर वर्षी बघावाच लागतो, दिसायला अडचण असो वा नसो. दिसेनासं झाल्यावर आलेल्या मधुमेही माणसाचा पडदा पाहताना माझा जीव खाली-वर होतो. दोन वर्षं आधी आला असता तर लेझरवर भागलं असतं, हे त्याला कसं सांगायचं?

समजा तपासणीत निघालं की फक्त नंबर बदललाय. मग चष्म्याचा खर्च कुणी करायचा? त्याला तीन वाटा आहेत.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 1976 पासून चालतो. शाळेतल्या मुलांना चष्मे आणि वयस्कर माणसांना जवळचं वाचायला लागणारे चष्मे त्यातून मोफत देतात. साठा असेल तर नेत्र चिकित्सा अधिकारीच नाव नोंदवून घेतो. फ्रेम दोन-चारच नमुन्यांत मिळते, पण काचेचा नंबर बरोबर असला की झालं.

दुसरी वाट आहे मुख्यमंत्री वयोश्री योजनेची. राज्याने ती 2024 मध्ये आणली. 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकदाच 3000 रुपये थेट बँक खात्यात मिळतात, आणि ज्या वस्तूंसाठी ते आहेत त्यांत चष्मा स्पष्ट लिहिलेला आहे. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे जातो. खातं आधारला जोडलेलं हवं आणि चष्म्याची पावती जपून ठेवायला हवी, ती सादर करावी लागते. तुमच्या सासूबाई वयात बसतात, उत्पन्नात बसत असाल तर ही वाट सोडू नका. ऐकणाऱ्यांना हे पैसे काठी आणि कमोडच्या खुर्चीचे वाटतात, चष्म्यासाठी कुणी मागत नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजनाही आहे. ती 2017 ची, साठीपुढच्या गरीब माणसांसाठी, आणि त्यात शिबिरात वस्तूच देतात.

तिसरी वाट म्हणजे सरकारी दवाखान्यात नंबर काढून घेऊन चष्मा दुकानात करणं. यात काहीच कमीपणा नाही. नंबरचा कागद तुमचा आहे, तो घेऊन कुठल्याही दुकानात जा, साधी फ्रेम आणि साधी काच मागा. सप्टेंबर 2025 मध्ये चष्म्याच्या काचांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल घ्या. वयोश्रीसाठीही ते लागेल. फक्त जवळचंच दिसत नसेल आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर बाजारात मिळणारा तयार चष्मासुद्धा चालतो. तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर मात्र तो घालू नये, डोकं धरतं.

आता तुमचं आयुष्मान कार्ड. त्याची वेळ येते ती मोतीबिंदू, पडदा, काचबिंदू असं शस्त्रक्रियेचं काही निघालं तर. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. सासूबाई 72 च्या आहेत, म्हणजे त्यांचं ते कार्ड वेगळं निघतं. आधीचं साधं आयुष्मान कार्ड असलं तरी हे करून घ्या, कारण घरातल्या सत्तरीपुढच्यांसाठी वर्षाला 5 लाखांचं संरक्षण त्यातून स्वतंत्र मिळतं. राज्याची महात्मा फुले योजनाही 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आणि सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू झाली आहे. तेव्हा केशरी कार्ड असो की पांढरं, रंगावरून आता कुणी परत पाठवू नये. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. अशा वेळी 'नंतर या' ऐकून घरी येऊ नका. चेहऱ्यावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीवरून ओळख पटवता येते. आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते घरून निघण्याआधीच बघा, आणि तो मोबाइल सोबत घ्या. मुलगा पुण्यात आणि ओटीपी त्याच्या फोनवर, अशाने माझ्या डोळ्यांदेखत माणसं रांगेतून परत गेली आहेत.

रुग्णालय शोधताना खरी खुबी एका शब्दात आहे. "तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?" असा प्रश्न विचारू नका, त्याला जवळजवळ सगळे "हो" म्हणतात. योजनेशी जोडलेलं रुग्णालय सगळ्या शाखांसाठी जोडलेलं नसतं. हाडांसाठी जोडलेलं असेल, डोळ्यांसाठी नसेल. शिवाय काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले असतात. आयुष्मानच्या राष्ट्रीय यादीत मोतीबिंदू आहे, पण तो तुमच्या जवळच्या खासगी रुग्णालयात योजनेतून होईलच असं त्यावरून समजू नका. फोनवर विचारा: "डोळ्यांच्या शाखेसाठी तुम्ही योजनेत आहात का? आणि मोठ्या माणसाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यात होते का?" उत्तर गोलमोल आलं तर आरोग्यमित्राला फोन द्या म्हणावं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, नाव नोंदवणं आणि मंजुरी मागवणं त्याच्याकडे असतं. घरबसल्या विचारायचं तर आयुष्मानची हेल्पलाइन 14555 आणि महात्मा फुले योजनेची 155388. त्यांना जिल्हा आणि शाखा सांगितली की रुग्णालयांची नावं देतात. योजनेच्या संकेतस्थळावरही जिल्हा निवडून नेत्रविभागाची यादी काढता येते. महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा पाच मिनिटांत छापून देईल.

मोतीबिंदूच असेल तर मी स्वतः माझ्या आईला कुठे नेईन ते सांगते. आधी जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय किंवा धर्मादाय नेत्र रुग्णालय. तिथे कार्डाची गरजही पडत नाही, कारण अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोतीबिंदू मोफतच होतो, आणि स्वयंसेवी रुग्णालयाला सरकार प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अनुदान देतं. गावात शिबिराचा भोंगा फिरतो तो बहुधा याच जोरावर. फुकट म्हणजे हलकं, ही समजूत मात्र काढून टाका. जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्यांनी सरकारी टेबलावरच लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले. रोज पंधरा-वीस शस्त्रक्रिया करणारा हात बसलेला असतो. पुण्याकडे कुणी नातेवाईक असतील तर महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. ते पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं आहे आणि गावोगावच्या गरीब रुग्णांसाठी फार मोठं काम करतं.

शिबिराबद्दल एकच अट लक्षात ठेवा. शिबिरात तपासणी व्हावी, शस्त्रक्रिया नाही. चांगलं शिबिर रुग्णांना गाडीत बसवून रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात नेतं, तिथे करतं आणि परत आणून सोडतं. शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात टेबल मांडून कुणी डोळा कापतो म्हणाला तर सासूबाईंचा हात धरून बाहेर पडा. डोळ्यात जंतू गेले तर दोन दिवसांत नजर जाते. दुसऱ्या दिवशीची तपासणी, आठवड्याची तपासणी कुठे होणार, रात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा, हे आधी विचारा.

पैशांच्या बाबतीत माझ्या माहितीतली एक गोष्ट सांगते. माझ्या शेजारच्या मावशींना एका खासगी रुग्णालयात योजनेतून मंजुरी मिळाली होती. सगळं ठरल्यावर टेबलावर न्यायच्या आधी अर्धा तास त्यांच्या मुलाला बोलावलं. सांगितलं की "योजनेतली लेन्स साधी असते, परदेशी टाकायची तर नऊ हजार भरा." घाबरलेल्या पोराने भरले. पावती मागितली तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला. ताई, योजनेतला उपचार रोकडविरहित असतो. त्यात बसणारी लेन्स ही लांबचं नीट दाखवणारी, जगभर वापरली जाणारी लेन्स असते आणि शस्त्रक्रियेनंतर वाचायला चष्मा लावावा लागतो, एवढंच. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी महागडी लेन्स योजनेत नाही, हे खरं. पण ती प्रत्येकाला मानवतेही असं नाही, आणि मधुमेहाने पडदा बिघडलेल्या डोळ्यात मी तरी ती सुचवत नाही. पैसे मागितले तर तिथल्या तिथे आरोग्यमित्राकडे जा, तो ऐकेना तर वरच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मावशींच्या मुलाने नंतर तक्रार केली, पण पक्की पावती नव्हती म्हणून पैसे परत मिळवताना त्याची फार ओढाताण झाली.

मोतीबिंदू पिकू द्यायचा, थंडीतच काढायचा, हे जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातलं आहे. आता दिसण्याने रोजचं काम अडायला लागलं की काढावा. फार पिकला तर उलट अवघड जातो, कधी दाबही वाढतो.

तुमच्या प्रश्नात घरातल्या बाकीच्यांचा उल्लेख नाही, पण सासूबाईंसाठी जाल तेव्हा हेही विचारून घ्या. शाळेत जाणारी मुलं असतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं. 2013 मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती. नंबर निघाला तर चष्मा आणि तिरळेपणा निघाला तर पुढचे उपचार मोफत होतात. तिरळेपणा 'मोठेपणी जाईल' म्हणून थांबू नका. एक डोळा आळशी पडला की वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याची नजर आणणं फार कठीण होतं. घरातलं कुणी चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला असेल आणि पगार 21,000 च्या आत असेल तर त्याचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात असणार. त्यात दवाखान्यातली तपासणीही येते, घरच्यांचीही, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचीसुद्धा. म्हणजे सासूबाईंचा मुलगा तिथे असेल तर ही एक वेगळी वाट उघडी आहे. चष्म्याचे पैसे मात्र ईएसआयमधून साधारणपणे मिळत नाहीत.

कुठलीच योजना लागू झाली नाही आणि मोठ्या धर्मादाय रुग्णालयातच करायची वेळ आली, तरी रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. ट्रस्टच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार 2006 पासून हे बंधन आहे. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड दाखवा. हे दाखले शस्त्रक्रियेनंतर आणले तर उपयोग होत नाही, दाखल होतानाच द्या.

शस्त्रक्रिया झाली तर घरी येताना लेन्सच्या नंबराचा स्टिकर कार्डावर चिकटवून देतात, तो आधार कार्डाबरोबर ठेवा. पुढे दहा वर्षांनी कुणी डोळा बघेल तेव्हा आत कोणती लेन्स आहे हे त्यावरूनच कळतं. वाचायच्या चष्म्याचा नंबर लगेच काढू नका, महिना-सव्वा महिना जाऊ द्या. जखम भरेपर्यंत नंबर हलत राहतो.

आणि ग्रामीण रुग्णालयात जाताना सासूबाईंचा जुना चष्मा सोबत न्या. काच तडकलेली असली, दांडीला दोरा बांधलेला असला तरी न्या. त्यातला नंबर मशीनवर वाचता येतो. तेव्हाचा नंबर आणि आजचा नंबर शेजारी शेजारी ठेवले की डोळा कुठल्या दिशेने चाललाय हे तपासणाऱ्याला तिथेच कळतं.